मोटारसायकलीचा दिवा आणि समोरचा माणूस

मालमोटारींच्या पाठीवर रंगविलेली ‘हॉर्न ओके प्लीज’ आणि ‘यूज डिपर ॲट नाइट’ ही दोन वाक्ये न वाचलेला विद्यार्थी आपल्या शाळेत सापडणे कठीण. त्यांपैकी पहिल्या वाक्याची आज्ञा आपले वाहनचालक नको तितक्या उत्साहाने पाळतात. दुसरीकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. रात्री समोरून वाहन आले म्हणजे डाव्या अंगठ्याने कळ दाबून दिवा ‘अप्पर’वरून ‘डिपर’वर आणावा, की आपले कर्तव्य संपले, असे मीही अनेक वर्षे समजत होतो. हा समज किती अपुरा आहे, हे मला चोर्ला घाटाच्या वाटेवर एका टॅक्सीचालकाने शिकविले. ती हकीकत आधी सांगतो आणि मग तिच्यामागील शास्त्राकडे वळतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी व माझा धाकटा भाऊ बेळगावाहून मोटारसायकलीने पणजीस निघालो होतो. मागील चाकाच्या दोन्ही अंगांना कपड्यांच्या व फराळाच्या पिशव्या लटकविलेल्या, आसनामागे एक वळकटी बांधलेली आणि मध्ये भाऊ बसलेला. घरून निघण्यास उशीर झाल्यामुळे जांबोटी मागे पडली तेव्हा पुरता काळोख झाला होता. समोरून येणारे प्रत्येक वाहन दिव्यांची उघडझाप करून आम्हास काही सुचवीत होते. मी दोन वेळा कळ तपासून पाहिली. दिवा डिपरवरच होता. तेव्हा ही त्या लोकांचीच काही खोड असावी, असे मानून मी पुढे जात राहिलो.

कणकुंबीच्या अलीकडे एका चहाच्या टपरीपाशी आम्ही थांबलो. त्याच वेळी समोरून, म्हणजे गोव्याच्या बाजूने, आलेली एक टॅक्सीही तेथेच थांबली. तिचा चालक पन्नाशी उलटलेला गृहस्थ होता. तो उतरून सरळ माझ्याकडे आला.

“साहेब, तीनदा लाइट मारली तुम्हाला. डिपर का केला नाही?”

“डिपरच होता हो,” मी म्हणालो.

“डिपर होता? मग असं करा, ह्या दादांना मागं तसंच बसू द्या. तुमच्या जागी मी बसतो. तुम्ही जरा पुढं रस्त्यावर जाऊन उभे राहा आणि मोटारीत बसल्यासारखे वाकून बघा.”

मी पन्नासएक पावले चालून गेलो व वाकून मागे पाहिले. डोळ्यांसमोर पांढऱ्याशुभ्र उजेडाचा एक गोळा होता, आणि त्याच्या आजूबाजूस केवळ काळोख. काही क्षणांनी त्या काळोखातून टपरीवाल्याचा आवाज आला. हातात पाण्याची कळशी घेऊन तो मोटारसायकलीपासून दोन पावलांवर मघापासून उभा होता. परंतु मला तो दिसलाच नव्हता.

मी परत आलो तेव्हा टॅक्सीचालकाच्या स्वरातील राग ओसरला होता. तो म्हणाला, “मघाशी तुमचा उजेड डोळ्यांवर होता, तेव्हा कडेनं एक म्हातारा चालत होता. अगदी बोनेटजवळ आल्यावर दिसला. ब्रेक लागला म्हणून बरं.” एवढे बोलून त्याने आपल्या डिक्कीतून पाना आणला आणि आमचा दिवा खाली झुकवून दिला.

माझी कळ बरोबर होती, दिव्याचा बल्ब बरोबर होता आणि तरीही एका वृद्ध माणसाचा जीव जाता जाता राहिला होता. असे का व्हावे?

दिव्याच्या आत काय असते?

अंतर्गोल आरशाचा पाठ आपण नववी-दहावीत शिकतो. अशा आरशाच्या नाभीपाशी प्रकाशाचा उगम ठेवला म्हणजे त्यापासून निघालेले किरण आरशावर आपटून एकमेकांस समांतर असे पुढे जातात, हे त्या पाठात सांगितलेले असते. मोटारसायकलीच्या दिव्यातील चकचकीत वाटी म्हणजे असाच एक आरसा होय. तो गोलाचा तुकडा नसून अन्वस्ताच्या आकाराचा असतो. कारण गोलीय आरशाच्या कडेकडेचे किरण नेमके समांतर होत नाहीत, अन्वस्ताकार आरशाचे होतात.

प्रवासी मोटारसायकलींच्या गोल दिव्यांत दीर्घकाळ वापरला गेलेला बल्ब ‘एच-फोर’ या नावाचा आहे. त्याच्या काचेत दोन तारा असतात. बारा व्होल्टच्या नेहमीच्या बल्बात अप्परची तार ६० वॉटची, तर डिपरची ५५ वॉटची असते. म्हणजे डिपर हा अप्परहून फारसा मंद नसतो, हे येथेच ध्यानात ठेवावे. दोहोंतील खरा भेद तारेच्या जागेचा आहे. अप्परची तार आरशाच्या नाभीपाशी असते. म्हणून तिचा प्रकाश सरळ व दूरवर जातो. डिपरची तार नाभीच्या किंचित पुढे असते. उगम नाभीच्या पुढे आला म्हणजे आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावर आपटलेले किरण खाली वळतात आणि खालच्या अर्ध्या भागावर आपटलेले किरण वर जातात. हे वर जाणारे किरणच समोरच्याच्या डोळ्यांत शिरावयाचे. म्हणून डिपरच्या तारेखाली धातूची एक चिमुकली पन्हळ बसविलेली असते. ती आरशाच्या खालच्या भागाकडे जाणारा प्रकाश अडविते, आणि उरतो तो फक्त खाली वळणारा प्रकाश.

त्या पन्हळीच्या कडेमुळे डिपरच्या उजेडास वरच्या अंगाने एक स्पष्ट सीमारेषा मिळते. रात्री भिंतीसमोर दिवा लावला असता ती सहज दिसते: रेषेच्या खाली लख्ख उजेड, वर अंधुक काळोख. हल्लीच्या एलईडी दिव्यांची अंतर्रचना निराळी असली, तरी ही सीमारेषा त्यांतही राखलेली असते. दिवा लावणे म्हणजे नुसती कळ दाबणे. दिवा ‘जुळविणे’ म्हणजे ही रेषा योग्य उंचीवर आणणे. यापुढील सारा विचार या एका रेषेचा आहे.

तीन सेंटिमीटरांचा हिशेब

ही रेषा दिव्याच्या मध्यापासून पुढे जाताना हळूहळू खाली उतरत गेली पाहिजे. मोटारसायकलींच्या दिव्यांसंबंधी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचे जे नियम आहेत, त्यांत डिपरचा हा उतार शेकडा अर्धा ते शेकडा अडीच यांच्या दरम्यान असावा असे सांगितले आहे. शेकडा एक उतार म्हणजे दर मीटरला एक सेंटिमीटर. आपण मधला मार्ग धरू आणि शेकडा दीड उतार घेऊ. म्हणजे दहा मीटरांवर रेषा दिव्याच्या मध्यापेक्षा १५ सेंटिमीटर खाली येईल. दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंचीवर असेल, तर समरूप त्रिकोणांच्या साध्या गणिताने ती ६० मीटरांवर जमिनीस टेकेल. समोरून येणाऱ्या मोटारीच्या चालकाचे डोळे साधारणतः सव्वा मीटर उंचीवर असतात. रेषा तर सर्वत्र त्यांच्या खालीच राहते. एथपर्यंत सर्व ठीक.

आता मागे माणूस बसवा आणि सामान लादा. मोटारसायकलीवर हे सर्व ओझे प्रामुख्याने मागील चाकाच्या बाजूस येते. मागचे शॉकअप दबतात, मागील भाग खाली बसतो, आणि शेपूट खाली गेली म्हणजे नाक वर येणारच. समजा, पुढच्या भागाच्या मानाने मागचा भाग केवळ तीन सेंटिमीटर अधिक खाली बसला. दोन चाकांच्या आसांमधील अंतर सुमारे १४० सेंटिमीटर धरले, तर तीन भागिले एकशेचाळीस, म्हणजे शेकडा दोनहून किंचित अधिक, एवढा कल गाडीस आला. दिवा गाडीस घट्ट बांधलेला असल्यामुळे तेवढाच कल उजेडाच्या रेषेसही आला. पूर्वी ती शेकडा दीड खाली उतरत होती. आता ती शेकडा ०.६ या मानाने वर चढू लागली. दहा मीटरांवरील भिंतीवर ती दिव्याच्या मध्यापेक्षा १५ सेंटिमीटर खाली होती, ती आता सहा सेंटिमीटर वर गेली. आणि पन्नास मीटरांवर तिची उंची किती झाली? ९० अधिक ३२, म्हणजे १२२ सेंटिमीटर. नेमके मोटारचालकाचे डोळे!

टपरीपाशी मी जे पाहिले, त्याचे कारण हेच होय. डिपर डिपरच होता. परंतु फराळाच्या पिशव्यांनी, वळकटीने आणि भावाच्या वजनाने त्याचा अप्पर करून टाकला होता. सुट्टीनंतर दहावीच्या काही विद्यार्थ्यांसमवेत शाळेच्या पटांगणात मी हाच प्रयोग करून पाहिला. मागील आसनावर दोन विद्यार्थी आळीपाळीने बसू-उठू लागले, तसतशी भिंतीवरील उजेडाची कड वर-खाली होऊ लागली. ते पाहून मुलांना जे कळले, ते फळ्यावरील आकृतीने कधीच कळले नसते.

भिंतीवरची खूण

दिवा जुळविण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. सपाट जमीन, तिच्या टोकाशी एक उभी भिंत, मोजपट्टी, खडू आणि गाडीबरोबर मिळालेली हत्यारे एवढी सामग्री पुरेशी आहे. काम संधिप्रकाशात किंवा रात्री करावे. क्रम मात्र चुकवू नये.

पहिली गोष्ट, दोन्ही चाकांतील हवा तपासावी. हवा कमी असलेले चाक बसते, आणि त्याबरोबर दिव्याचा कलही बदलतो.

दुसरी गोष्ट, मागचे शॉकअप ओझ्यास योग्य असे ताणून घ्यावेत. बहुतेक मोटारसायकलींत त्यांच्या स्प्रिंगखाली पायऱ्यापायऱ्यांचे एक कडे असते. ते खास पान्याने फिरविले म्हणजे स्प्रिंग अधिक दाबली जाते आणि गाडीची बसलेली पाठ वर येते. कोणत्या ओझ्यास कोणती पायरी, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. हे काम दिव्याच्या आधी करावयाचे, कारण दोष मुळात पाठीचा आहे. पाठ सरळ झाली की दिव्यास फारसे हलवावे लागत नाही. शिवाय मागून बसलेली गाडी वळणावरही नीट वळत नाही, हा लाभ वेगळाच.

तिसरी गोष्ट, प्रवासात जेवढे सामान न्यावयाचे तेवढे सर्व गाडीवर बांधावे. चालकाने आपल्या जागी बसावे, मागे जो बसणार त्यासही बसवावे. गाडी स्टँडवर नको. दोन्ही चाके जमिनीवर टेकलेली आणि गाडी अगदी उभी हवी. मग दोघांनी बसल्याबसल्याच गाडी दोन-तीन वेळा दाबून सोडावी, म्हणजे शॉकअप आपल्या खऱ्या जागी स्थिर होतात.

चौथी गोष्ट, गाडी भिंतीस जवळजवळ टेकवून दिव्याच्या काचेच्या मध्यासमोर भिंतीवर खडूने फुली मारावी. त्या फुलीतून एक आडवी व एक उभी रेघ ओढावी. नंतर गाडी त्याच सरळ रेषेत मागे न्यावी, जेणेकरून दिव्याची काच भिंतीपासून दहा मीटर अंतरावर येईल. एवढी जागा नसेल तर पाच मीटरही चालतील. मात्र मग खाली दिलेले माप निम्मे करावे.

पाचवी गोष्ट, फुलीच्या खाली १५ सेंटिमीटरांवर दुसरी आडवी रेघ ओढावी आणि डिपर लावावा. उजेडाची वरची कड या दुसऱ्या रेघेवर आली पाहिजे. माहितीपुस्तिकेत निराळे माप दिले असेल तर तेच खरे मानावे. कड वर असेल तर दिवा खाली झुकवावा, खाली असेल तर वर उचलावा. जुन्या धाटणीच्या गाड्यांत दिव्याच्या भांड्यास दोन्ही बाजूंनी बोल्ट असतात. ते थोडे सैल करून भांडे हाताने हलविता येते. नव्या गाड्यांत दिव्याच्या मागे किंवा खाली एक जुळवणीचा स्क्रू असतो. तो कोणत्या दिशेस फिरविला असता उजेड वर जातो, हे गाडीगाडीगणिक बदलते. म्हणून अर्धा फेरा फिरवावा, भिंतीकडे पाहावे आणि मग पुढे जावे. अप्पर व डिपर एकाच भांड्यात असतील तर ते एकत्रच हलतात. अशा वेळी डिपर जुळवावा, अप्पर आपोआप आपल्या जागी येतो.

सहावी गोष्ट, डावी-उजवी बाजू पाहावी. उजेडाचा भर उभ्या रेघेवर असावा. तो उजवीकडे सरकलेला कदापि नसावा. कारण आपण रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतो आणि उजवीकडून समोरची माणसे येत असतात. काही दिव्यांच्या उजेडाची कड डाव्या बाजूस मुद्दामच तिरपी वर चढविलेली असते. तो दोष नव्हे. डाव्या कडेचे पादचारी व मैलाचे दगड दिसावेत म्हणून केलेली ती योजना आहे. अशा दिव्यात कडेचा सपाट भाग रेघेवर आणावा.

शेवटी बोल्ट घट्ट आवळून पुन्हा एकवार भिंतीवर पाहावे. आवळताना दिवा हमखास थोडा हलतो.

आणि एक सूचना: प्रवास संपून सामान उतरले म्हणजे ही सर्व जुळवणी पूर्ववत करावी. वर घेतलेल्या उदाहरणातील दिवा ओझ्यासह शेकडा दीड उतारावर जुळविला असेल, तर ओझे काढताच तो शेकडा साडेतीनहून अधिक खाली झुकेल आणि त्याचा उजेड पंचवीस मीटरांतच जमिनीस टेकेल. मग समोरचा सुखी, पण आपण आंधळे!

उजेड किती दूर, वेग किती?

शेकडा दीड उतारावर उजेडाची रेषा साठ मीटरांवर संपते, असे आपण पाहिले. आता थांबण्यास लागणारे अंतर मोजू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. रस्त्यावर काही दिसल्यापासून ब्रेक दाबला जाईपर्यंत दीड सेकंद जातो असे धरले, तर तेवढ्यात २५ मीटर संपले. पुढे कोरड्या रस्त्यावर बेताचा ब्रेक लावून, म्हणजे वेग दर सेकंदास सेकंदाला पाच मीटरने कमी करीत, थांबण्यास आणखी २८ मीटर लागतात. एकूण ५३. साठाच्या आत आपण थांबलो. आता वेग ताशी ८० किलोमीटर धरा. तोच हिशेब ८२ मीटरांवर जातो, आणि उजेड तर साठावरच संपला आहे! शेवटचे बावीस मीटर आपण ज्या रस्त्यावरून जाणार, तो आपण वेळेवर पाहिलेलाच नसतो. ओल्या रस्त्यावर ब्रेक कमी लागतो. तेथे ताशी साठ हाही वेग या उजेडास जास्त होतो.

तेव्हा ‘मला दिसत नाही, म्हणून दिवा वर केला’ हे कारण खरे असले, तरी उपाय चुकीचा आहे. दिसत नसेल तर वेग कमी केला पाहिजे. उजेडाच्या टोकापलीकडील वेग हा उधारीचा वेग होय. आणि ती उधारी रस्त्याने चालणाऱ्या कोणा तिऱ्हाइताच्या नावावर मांडलेली असते.

ज्याच्या डोळ्यांवर उजेड पडतो, त्याची अवस्था काय होते हेही पाहू. काळोखात आपल्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि नेत्रपटलावरील ऱ्होडॉप्सिन नावाचे द्रव्य साठून दृष्टी संवेदनक्षम बनते. ही तयारी पूर्ण होण्यास अर्धा तास लागतो. पण प्रखर उजेडाने ती क्षणात मोडते. दिवा निघून गेल्यावरही काही सेकंद समोरचे नीट दिसत नाही, आणि वय वाढते तसा हा काळही वाढतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा मोटारचालक अशा दोन सेकंदांत तेहतीस मीटर आंधळेपणाने जातो. तेहतीस मीटर म्हणजे आपल्या शाळेच्या चार-पाच वर्गखोल्यांची लांबी.

वळण, धुके आणि अधिक तेजाचा मोह

जुळविलेला दिवाही सर्व ठिकाणी पुरा पडत नाही. मोटारसायकल वळणावर कलते, तेव्हा उजेडाची आडवी कडही तिच्यासह कलते. डाव्या वळणावर गाडी डावीकडे झुकली की कडेची डावी बाजू खाली जाते. म्हणजे ज्या दिशेस रस्ता वळणार, तेथेच उजेड तोकडा पडतो. उजव्या वळणावर याच्या उलट घडते. २०११ साली बाजारात आलेल्या बीएमडब्ल्यू के-१६०० जीटी या प्रवासी मोटारसायकलीत गाडीचा कल ओळखून उजेड सावरून धरणारा दिवा बसविण्यात आला, तो याच अडचणीवरील उपाय म्हणून. आपल्या साध्या गाड्यांना मात्र वळणावर वेग कमी करणे हाच उपाय आहे.

पावसाळ्यात चोर्ला किंवा आंबोली घाटात धुके उतरते, तेव्हा अप्पर लावण्याचा मोह होतो. तो आवरावा. धुक्यातील जलकण उजेड विखरून आपल्याच डोळ्यांकडे परत पाठवितात, आणि पुढे पांढरी भिंत उभी राहते. खाली झुकलेला डिपरच तेथे उपयोगी पडतो. चढाच्या माथ्यावर तर गाडीच आभाळाकडे पाहत असते. तेथे कितीही नीट जुळविलेला दिवा पलीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाणारच. अशा वेळी वेग उतरवावा, आणि आपल्यावर समोरचा उजेड आला तर नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी.

काहीजण मूळ बल्ब काढून शंभर वॉटचा बल्ब बसवितात. बारा व्होल्टवर ६० वॉटच्या बल्बातून पाच अँपिअर वीज वाहते, तर १०० वॉटच्या बल्बातून आठहून अधिक. तारांतील उष्णता विद्युत्प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण शिकलो आहोत. म्हणजे ती पावणेतीनपटीवर जाते, आणि त्या बेताने न केलेला होल्डर वितळू लागतो. दुसरे काहीजण तारेच्या बल्बासाठी घडविलेल्या भांड्यात एलईडीचा बल्ब खुपसतात. उजेडाचा उगम ठरलेल्या जागेपासून थोडासा सरला तरी आरशाचे सारे गणित बिघडते, सीमारेषा पुसट होते आणि उजेड सैरावैरा पसरतो. चालकास वाटते, दिवा झकास झाला. समोरच्यास विचारले तर वेगळे उत्तर मिळेल. बल्ब बदलताना त्याच्या बुडाशी असलेले तीन कान आपापल्या खाचेत नीट बसले आहेत ना, हे पाहावे. आणि हॅलोजन बल्बाच्या काचेस बोट लावू नये, कारण बोटांवरील तेलकटपणामुळे काच त्या जागी अधिक तापते व बल्ब लवकर निकामी होतो.

कायदा आणि त्यापुढचे

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील एकशेसहाव्या नियमाने समोरच्याचे डोळे दिपविणाऱ्या दिव्यास मनाई केली आहे. दिव्यापासून आठ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याचे डोळे दिपता कामा नयेत, अशी त्या नियमाची कसोटी आहे. आता आमच्या त्या रात्रीच्या दिव्याकडे पाहा. आठ मीटरांवर त्याच्या उजेडाची कड जेमतेम ९५ सेंटिमीटरांवर होती. म्हणजे या कसोटीच्या बिंदूपासून ती अर्धा मीटरहून अधिक खाली होती. कायद्याने बहुधा मला पकडले नसते. परंतु पन्नास मीटरांवरील माणूस आंधळा झाला होता. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा इंजिन चालू असेतोवर आपोआप लागलेलाच राहतो. तो मालवून समोरच्यास दिलासा देण्याची सोय आता राहिलेली नाही. यामुळे दिव्याची जुळवणी पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाची झाली आहे.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांचे वय अजून मोटारसायकल चालविण्याचे झालेले नाही, आणि परवाना हाती येईपर्यंत ती चालवूही नये. पण आपल्या घरी गाडी असेल, आणि येत्या सुट्टीत वडील किंवा दादा सामान बांधून रात्रीच्या प्रवासास निघणार असतील, तर मोजपट्टी व खडू घेऊन त्यांना भिंतीपाशी नेण्याचे काम आपण खुशाल करावे. त्यास अर्धा तासही लागत नाही. दिव्याचा दोष असा आहे की तो आसनावर बसलेल्यास कधीच दिसत नाही. उलट, उजेड जितका वर चढलेला, तितका त्यास रस्ता छान दिसतो. दोष दिसतो तो फक्त समोरच्यास, आणि समोरचा तर दोन क्षणांत निघून जातो. आम्हास तो सांगण्यासाठी एक माणूस थांबला, म्हणून कळले.

आता प्रवासास निघण्यापूर्वी मी सामान बांधतो, भावास मागे बसवितो, आणि शेजाऱ्याच्या मुलास पन्नास पावलांवर वाकून उभे राहावयास सांगतो. तो ओरडून सांगतो, “काका, मागचं घर दिसतंय!” मग आम्ही निघतो.